पलीकडचं गार पाणी

मित्रांनो, मी एक जुना हीटर आहे. माशांच्या टँकमधलं पाणी कोमट ठेवणारा. वीतभर काचेची नळी, डोक्यावर काळं टोपण, टोपणावर फिरवायची चकती आणि आत इवलासा लाल दिवा, एवढाच माझा देह. तुम्हाला वाटेल, ज्याचं कामच ऊब देण्याचं, तो किती निवांत असेल! पण खरं सांगतो, त्या पाण्यात माझ्याइतकं भित्रं कुणीच नव्हतं. काचेला चिकटून चालणाऱ्या गोगलगायीसुद्धा माझ्यापेक्षा धीट होत्या.

ही भीती मला जन्माबरोबरच मिळाली. कारखान्यात शेवटच्या टेबलावर एक बाई बसायच्या. आम्हा नव्या हीटरांना त्या एकेक करून पाण्याच्या भांड्यात उभं करायच्या आणि मगच वीज सोडायच्या. दिवा लागला की मान डोलवायच्या, वीज बंद करायच्या, आम्हाला निवू द्यायच्या आणि मगच बाहेर काढायच्या. हात चालत असताना त्या स्वतःशीच गुणगुणत.

पाण्यात तुझं घर,
पाण्यात तुझा जोर,
पाण्याच्या जरा वर
तडा तुला.

गाणं म्हणून ते गोड होतं. पण मी ते ऐकलं आणि माझ्या काचेला काटा आला. म्हणजे मी कोरडा असताना तापलो की संपलो! तापलेल्या अंगावर गार पाणी आलं की संपलो! आणि हे दोन्ही माझ्या हातात नाही, कारण मला हातच नाहीत. माझं जगणं-मरणं कुणाच्या तरी बोटाखालच्या बटणावर ठेवलेलं.

आता माझं पोट उघडून दाखवतो. आत धातूची एक पातळ पट्टी आहे. पाणी गार झालं की ती वाकते आणि शेजारच्या टिकलीला टेकते. टेकली की वीज धावते, तार तापते, दिवा लागतो. पाणी कोमट झालं की पट्टी अंग काढून घेते आणि दिवा मालवतो. एवढंच माझं शहाणपण. पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, मित्रांनो. मला कळतं ते फक्त माझ्या अंगाला लागलेलं पाणी. चार हात पलीकडे कोण कुडकुडतंय, हे कळायला मला वाट नाही.

माझं पहिलं घर म्हणजे बिट्टीच्या टेबलावरचा छोटा टँक. बिट्टी तेव्हा शाळेत होती. टँक लहान, मासे बोटाएवढे, आणि मी त्याला अगदी मापाचा. थंडीच्या दिवसांत बिट्टी अभ्यास करता करता काचेला तळवे लावून बसायची आणि म्हणायची, "आई, माझ्या माशांच्या घरात शेकोटी आहे!" तेवढे दिवस मी कमी भ्यालो. मग एकेक मासा म्हातारा होऊन गेला, टँक कुणाला तरी देऊन टाकला, आणि मला बुटांच्या खोक्यात घालून माळ्यावर ठेवलं. "राहू दे, कधी लागला तर," असं बाबा म्हणाले. खोक्यात कोरडेपणा होता, अंधार होता, पण भय नव्हतं. तिथेच राहिलो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

बिट्टी कॉलेजला जायला लागली त्या वर्षी मावशीच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. तिच्या घरात ती आणि एक मासा, दोघंच. मासा ऑस्कर जातीचा, ताटलीएवढा, काळ्या अंगावर नारिंगी ठिपके. त्याचं नाव भोपळ्या. मावशी घरात आली की तो धावत काचेशी यायचा, तिच्या बोटामागे फिरायचा, आणि ती दोन दिवस परगावी गेली तर तळाशी आडवा पडून रुसायचा. खरंच रुसायचा, ही माशांची जातच तशी आहे. ऑपरेशनला जाण्याआधी मावशीने भोपळ्याला त्याच्या भल्यामोठ्या टँकसकट बिट्टीच्या घरी पाठवलं आणि फोनवर आईला सांगितलं, "दुसरं काही मागत नाही गं. मी परत येईन तेव्हा तो काचेशी आला पाहिजे. तेवढं एक सांभाळ."

टँक आला तो दिवस मी माळ्यावरून कानांनी पाहिला. टँक मांडला, पाणी भरलं. भोपळ्या झाकणाच्या पिंपात वाट बघत होता. मावशीचा मोठा हीटर बाबांच्या हातात होता.

"चालू आहे का बघतो," बाबा म्हणाले.

"अहो, पाण्यात घालून बघा ना," आई म्हणाली.

"एक मिनिट गं. हे बघ, लागला दिवा! तापला पण लगेच. हात लावून बघ. म्हणजे लावू नकोस."

मी खोक्यात ओरडत होतो, नको, नको, नको! पण हीटरचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? बाबांनी तो तसाच तापलेला पाण्यात सोडला. एकच आवाज झाला. कच्च.

"प्लग काढा! आधी प्लग काढा!" आई किंचाळली.

खट्ट करून प्लग निघाला. मग बाबांचा आवाज आला, एकदम बारीक. "ताईंना सांगू नकोस. ऑपरेशनच्या तोंडावर कशाला त्यांच्या जिवाला घोर?"

"पण मासा काय पिंपात ठेवायचा?"

"आपला जुना आहे ना माळ्यावर," बिट्टी म्हणाली.

मित्रांनो, खोक्याचं झाकण उघडलं आणि उजेड आत आला, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त तो कच्च आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येत होता.

बाबांनी माझ्या अंगावरची अक्षरं वाचली. "शंभर वॅट. चालेल की. हीटर म्हणजे हीटर."

त्यांनी पाण्यातल्या फुटक्या काचा वेचल्या, मला एका टोकाच्या कोपऱ्यात लाकडी ओंडक्यामागे लावलं, म्हणजे दिसायला वाईट नको. या खेपेला आधी पाणी, मग वीज, हे मात्र त्यांनी पाळलं. माझ्या शेजारीच त्यांनी थर्मामीटर चिकटवला. "म्हणजे कसं, दोन्ही एकाच जागी दिसतील."

मी त्या पाण्यात डोळे उघडले आणि गारठलो. केवढा टँक! बिट्टीच्या टेबलावर मी खोलीतली शेकोटी होतो. इथे मैदानात ठेवलेली पणती. दूर, अगदी दूर, धूसर पाण्यात नारिंगी ठिपके हलत होते. मी जिवाच्या करारावर तापायला लागलो. ओंडक्यामागे पाणी वाहत नव्हतं, त्यामुळे माझ्याभोवतीचं तेवढं ओंजळभर पाणी लगेच कोमट झालं. पट्टीने अंग काढून घेतलं. दिवा मालवला. थर्मामीटरचा पारा ऐटीत सव्वीसवर उभा.

"वा!" बाबा म्हणाले. "छोटा आहे, पण कामाचा आहे."

मला शाबासकी मिळाली आणि मी हादरलो. कारण दिवा मालवला की सगळ्यांना वाटतं, झालं, सगळं ठीक आहे. आणि मला पलीकडचं काहीच कळत नव्हतं.

मग थंडी वाढली. खिडक्यांवर सकाळी धुकट वाफ धरू लागली. भोपळ्याचे ठिपके हळूहळू हलेनासे झाले. एके सकाळी तो पलीकडच्या टोकाला, वाळूवर, आडवा पडलेला दिसला.

मावशीचं ऑपरेशन नीट झालं होतं, आणि ती दवाखान्यातून रोज फोन करायची. त्या दिवशीही तिने पहिला प्रश्न तोच विचारला. "भोपळ्या काय म्हणतोय?"

"रुसलाय गं," आई हसून म्हणाली. "आडवा पडलाय. खात पण नाही."

फोनमधून मावशीचं हसू आलं, थकलेलं, पण आतून उमललेलं. "माझ्यावर रुसलाय तो. लबाड कुठला! त्याला सांग, येतेय मी."

"बघा ना," फोन ठेवून आई बाबांना म्हणाली, "मुक्या जिवाला पण किती माया असते."

मी लाकडामागून ओरडत होतो, तो रुसला नाही हो! तो गारठला असणार! पण माझ्याजवळ बोलायला काय होतं? एक लाल दिवा. तो लागला तर 'तापतोय', मालवला तर 'झालं'. 'घात होतोय' असं सांगणारा दिवा माझ्यात कुणी बसवलाच नव्हता. रोज मावशीचा फोन येई, रोज आई सांगे, रुसलाय, आणि रोज मावशीला तेवढंच बरं वाटे. भोपळ्याचे कल्ले मात्र दिवसेंदिवस सावकाश हलत होते. मी मनात एकच धोशा लावला होता.

इकडे पाणी ऊन,
तिकडे पाणी सुन्न,
हात घाली कोण
पलीकडे?

शेवटी हात आला तो आईचा, आणि तोही वेगळ्याच कामासाठी. पलीकडच्या काचेवर हिरवं शेवाळ धरलं होतं. आईने बाही वर सारली आणि घासणी घेऊन कोपरापर्यंत हात आत घातला. बिट्टी तान्ही असताना तिच्या अंघोळीचं पाणी आई कोपरानेच बघायची. ती सवय हाताला असणार. हात आत गेला आणि तिथेच थांबला.

"अगं बाई! हे तर बर्फासारखं लागतंय!"

"शक्यच नाही," बाबा पेपर खाली न ठेवता म्हणाले. "थर्मामीटर बघ. सव्वीस."

"थर्मामीटरला ऊब आहे हो. पण मासा इथे झोपलाय."

बाबा उठले. आधी त्यांनी माझ्याकडे हात घातला, मग पलीकडे. मग ओला हात तसाच टपटपत ठेवून ते नुसते उभे राहिले.

"म्हणजे तो रुसलेला नाहीच," बिट्टी हळूच म्हणाली.

आई खुर्चीत बसली. "ताई हसत होती रोज. मी तिला रोज हसवत होते, आणि हा इथे मरायला टेकलाय."

घरात धावपळ उडाली. माझी वीज बंद करून, मला निवू देऊन, त्यांनी मला ओंडक्यामागून काढलं आणि मधोमध, पाणी फिरवणाऱ्या मोटरच्या धारेसमोर लावलं, म्हणजे तापलेलं पाणी सगळीकडे पसरेल. चकती शेवटपर्यंत फिरवली. टँकच्या तिन्ही बाजूंना रजया गुंडाळल्या. बिट्टीने थर्मामीटर उचलून भोपळ्याच्या डोक्यावरच नेऊन चिकटवला. पारा घसरत पार खाली गेला.

आता मी थांबूच शकत नव्हतो. पट्टी टिकलीला टेकली ती टेकलीच. तापून तापून माझ्या टोपणाला भाजल्यासारखा वास येतोय असं मला वाटे. टिकलीवर ठिणग्या उडत. पट्टी तिथेच चिकटली तर? काच थकली तर? आणि सगळ्यांत मोठी भीती निराळीच होती. माझ्या पोटात वीज आहे, मित्रांनो. मी फुटलो आणि त्या क्षणी कुणाचा हात पाण्यात असला, तर? आई तर सारखी हात घालून बघत होती. "जरा बरं लागतंय का गं? की मला उगाच वाटतंय?" तिचा हात पाण्यात आला की मी काचेच्या आत आक्रसून जाई. घाबरण्याच्या घाईत हात घालण्याआधी प्लग काढायचं भान कुणालाच राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारा हळूहळू चढलेला दिसला. भोपळ्याने एक कल्ला उघडला. मग शेपूट हललं. मग तो, जड पातेलं सरळ करावं तसा, कष्टाने सरळ झाला.

"उठला! आई, उठला!" बिट्टीने टाळी वाजवली.

बाबा तडक माशांच्या दुकानात गेले आणि तिथून फोन लावला. बिट्टीने फोन टँकच्या झाकणावर ठेवून आवाज मोठा केला, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"टँक किती लांब आहे?" दुकानदाराचा आवाज.

"आमच्या सोफ्याएवढा," बाबा म्हणाले.

"साहेब, तुमच्या सोफ्यावर मी कधी बसलेलो नाही."

बिट्टीने टेप लावून मापं ओरडून सांगितली. दुकानदाराने तोंडातल्या तोंडात हिशेब केला. "म्हणजे चारशे लिटरच्या आसपास. खोली गार असते? मग लिटरला एक वॅट धरून चला."

"द्या की मग चारशेचा एक. सगळ्यात मोठा द्या, आता कटकट नको."

"एक नको. दोनशेचे दोन न्या. एकच मोठा असला आणि आतून चिकटून बसला, तर तापतच राहील, मासे शिजतील. बंद पडला, तर मासे गारठतील. दोन असले की एकाने दगा दिला तरी दुसरा सांभाळून घेतो, तुम्हाला कळेपर्यंत. दोन टोकांना दोन लावा, पाणी वाहतं ठेवा, आणि थर्मामीटर दोघांपासून लांब. हीटरच्या शेजारी लावाल तर तो हीटरचीच री ओढणार."

"हो, ते कळलंय आम्हाला," बाबा पडेल आवाजात म्हणाले.

"मासा कुठला आहे?"

"ऑस्कर."

"अरे बापरे! मग काचेचा नकोच. धातूचा न्या, आणि त्यावर हा प्लास्टिकचा पिंजरा. ऑस्करला हीटर खपत नाही. जरा अंगात ताकद आली की धडका मारतो. आत्ता आत कुठला आहे?"

"काचेचाच."

"चालू आहे?"

मित्रांनो, हे ऐकत असतानाच मी समोर बघितलं. भोपळ्या माझ्याकडे तोंड करून उभा होता. मीच त्याला ऊब दिली होती, त्याच उबेने त्याच्या अंगात बळ आलं होतं, आणि आता तो माझ्याकडे बघत होता. पलीकडच्या टोकाला आईचा हात कोपरापर्यंत पाण्यात होता.

पहिली धडक बसली. माझी रबरी पकड काचेवरून सुटली आणि मी वायरला लोंबकळायला लागलो.

"अगं, मारतोय बघ! कसा खणखणीत झालाय!" आई कौतुकाने म्हणाली. हात तसाच पाण्यात.

"बंद करा आधी! हात बाहेर!" फोनमधून दुकानदार ओरडला.

भोपळ्या मागे सरला. त्याचं तोंड उघडलं. मी फुटू नये, मी फुटू नये, निदान आत्ता फुटू नये, एवढंच माझ्या मनात होतं. बिट्टी भिंतीकडे झेपावली. खट्ट. माझा दिवा विझला. आणि लगेच दुसरी धडक बसली, मी दगडावर आपटलो, आणि माझ्या अंगातून केसाएवढी रेघ वरपासून खालपर्यंत गेली. आत पाणी शिरलं. ते कोमट होतं.

आईने हात बाहेर काढला आणि पदराने पुसत राहिली, कोरडा झाला तरी पुसत राहिली. बिट्टीचं बोट अजून बटणावरच होतं.

"हॅलो? हॅलो? झालं काय?" बाबा फोनमधून विचारत होते. "अगं बोला कुणीतरी!"

"या तुम्ही," आई शेवटी म्हणाली. "दोन्ही घेऊन या."

संध्याकाळी धातूचे दोन हीटर आपापल्या पिंजऱ्यात, दोन टोकांना बसले. बाबांनी मला उचलून उजेडाकडे धरलं. "एवढीशी तर रेघ आहे. राहू दे माळ्यावर, कधी लागला तर."

"अहो, 'कधी लागला तर' म्हणूनच हा आला होता ना!" आई इतक्या मोठ्याने म्हणाली की भोपळ्यासुद्धा वळला.

बिट्टीने कात्री आणली आणि माझी वायर मुळाशी कापली, म्हणजे मला पुन्हा कुणी चुकूनही लावू नये. मला वाईट नाही वाटलं. जन्मल्यापासून पहिल्यांदाच मला बटणाचं भय उरलं नव्हतं. "पण फेकायचा नाही हं," ती म्हणाली आणि मला टँकखालच्या कपाटात, माशांच्या जाळीशेजारी ठेवलं.

त्या कपाटाच्या अंधारातच मी मावशीची वाट पाहिली. ती आली त्या दिवशी आधी काठीचा आवाज आला, मग सावकाश पावलं.

"ताई, बसा आधी," बाबा म्हणाले. "मला काही सांगायचंय. तुमचा हीटर माझ्या हातून फुटला. आणि भोपळ्या रुसला नव्हता. तो गारठला होता. आम्हाला कळलंच नाही."

मावशीची काठी जमिनीवर टेकली. "मी पण हसत होते," ती म्हणाली. "मला पण नाही कळलं. सरका बरं, बघू दे मला."

खुर्ची सरकली. मला वरचं काही दिसत नव्हतं. पाण्याची नुसती घरघर ऐकू येत होती. भोपळ्या जगला होता, खात होता, हे मला माहीत होतं. पण एवढ्या गारठ्यातून गेलेल्या जिवाला जुनी ओळख राहते का, ते मला माहीत नव्हतं. फुटलेल्या काचेतही माझी भीती शाबूत होती.

"काय रे?" मावशी म्हणाली. "विसरलास?"

काही नाही.

"भोपळ्या..."

आणि माझ्या डोक्यावर काचेला दणका बसला. मग आणखी एक.

"अरे हो, हो! हळू!" मावशी हसत होती की रडत होती, ते मला सांगता येणार नाही. "आत्ताच शिवून आलेय मी, मला नको हसवूस."

मित्रांनो, तुमच्या घरी मासे असतील तर या भित्र्याचं एवढं ऐका. लहानग्यावर मोठ्याचा भार टाकू नका. पाणी किती, खोली किती गार, मासा कसा, हे विचारून मगच आम्हाला घरी आणा. तडा गेलेल्याला पुन्हा कामाला लावू नका. आमचा दिवा मालवला म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून चालू नका. कधीतरी पलीकडच्या टोकाला स्वतःचा हात घालून बघा. पण तुमचा हात आधी भिंतीवरच्या बटणाकडे जाऊ दे, आणि मगच पाण्याकडे. कारण तुम्ही हात घालता तेव्हा आत कुणीतरी काचेच्या नळीत श्वास रोखून उभं असतं, तुमच्यासाठी घाबरत.